जागल्या, नाईक आणि गुन्हेगार : जालना परिसरातील गावरक्षणाचा व न्यायातील विषमतेचा एक विचार

मराठीतील षष्ठी विभक्ती कित्येकदा दोन अर्थांस वाव देते. 'शिपायांचा पहारा' म्हटले असता पहारा करणारे शिपाई समजावे लागतात. 'कैद्यांचा पहारा' म्हटले असता ज्यांच्यावर पहारा बसविला आहे ते कैदी समजावे लागतात. पहिली षष्ठी कर्त्याची, दुसरी कर्माची. 'भिल्लांचा पहारा' या प्रयोगात मात्र दोन्ही अर्थ संभवतात आणि संदर्भावाचून त्यांचा निर्णय होत नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दोहों बाजूंस गेल्या दोनशे वर्षांत जे घडले ते थोडक्यात सांगावयाचे तर असे की, या प्रयोगातील पहिला अर्थ क्रमाने मागे पडला आणि दुसरा कायम झाला. जे गावाची व घाटाची राखण करीत होते, त्यांच्यावरच राखण बसली. हा पालट कोणत्या कारणांनी व कोणत्या साधनांनी झाला, आणि त्याचे अवशेष आजच्या न्यायव्यवहारात कोठे आढळतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

जालना जिल्हा या विचारास विशेष सोयीचा आहे. प्रशासकीय दृष्ट्या तो अलीकडचा. तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद हे तालुके आणि परभणी जिल्ह्यातील परतूर तालुका मिळून तो १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. परंतु सीमेवरचा मुलूख म्हणून तो फार जुना आहे. त्याच्या उत्तरेकडील भाग अजिंठ्याच्या डोंगराला भिडतो आणि डोंगरापलीकडे खानदेश लागतो. पूर्वेस वऱ्हाड आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा इंग्रजांनी जेथे पराभव केला ते असई याच जिल्ह्यात आहे, आणि एकोणिसाव्या शतकात जालना शहरास लष्करी छावणी होती. १८१८ नंतर खानदेश इंग्रजी अमलाखाली गेला. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभारही इंग्रजांकडे आला. जालन्याचा मुलूख मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिला. जाफराबादेहून देऊळगावराजास जाणारा वाटसरू एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असे. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यात विशेष काही नव्हते. पण ज्यांचे जीवनच फिरतीचे, त्यांच्या दृष्टीने ती सीमा म्हणजे कायद्याचा पालट होता.

प्रथम जुन्या गावरक्षणाचा विचार करू जाता त्यातील शब्दच पुष्कळ सांगतात. 'जागल्या' हा शब्द 'जागणे' या क्रियापदापासून निघालेला आहे. जो गावासाठी रात्री जागतो तो जागल्या. ही कामाची संज्ञा आहे, कुळाची नव्हे. हे काम महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या समाजांकडे असे. पुणे-साताऱ्याकडे ते रामोश्यांकडे, डोंगराळ उत्तरभागात भिल्लांकडे, आणि बहुतेक ठिकाणी काही अंशी महारांकडे होते. चोरी झाली म्हणजे जागल्याने माग काढावयाचा. पावलांचा माग शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन पोचविला की जबाबदारी त्या गावच्या राखणदाराकडे जाई. तो पुढे माग चालवी. ज्या गावच्या हद्दीत माग संपेल त्या गावाने, अथवा तेथील राखणदाराने, नुकसानीची भरपाई करावयाची असा संकेत होता. माऊंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीचे वर्णन आढळते. डोंगरातील भिल्ल नाईकांची राखण हिचाच मोठा प्रकार होता. घाटातून जाणाऱ्या मालाचे त्यांनी रक्षण करावयाचे आणि त्याबद्दल त्यांचा हक्क त्यांना मिळावयाचा.

ही व्यवस्था आदर्श होती असे समजण्याचे कारण नाही. राखणदाराचा हक्क थकला म्हणजे राखण करणारे हातच लूट करीत, आणि ही धमकी त्या कराराचाच एक भाग होती. शिवाय तिच्यात व्यक्तीच्या अपराधाबद्दल समूहाला जबाबदार धरण्याचे तत्त्व होतेच. गावकामगार म्हणून महारांवर जी कामे लादली गेली त्यांत वतनाच्या नावाखाली वेठच अधिक होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक आणले ते याच कारणाने. कनिष्ठ गावकामगारांची वतने प्रत्यक्षात रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने. क्रौर्याचा आरंभही इंग्रजांपासून झाला असे म्हणता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बाळाजी लक्ष्मण या पेशव्यांच्या सरसुभेदाराने कोपरगाव येथे भिल्लांना विश्वासाने बोलावून त्यांची कत्तल केल्याची नोंद गॅझेटियरात आहे. तथापि एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जुन्या व्यवस्थेत राखणदार हा भयाचा विषय असला तरी तो करारातील एक पक्ष होता. त्याला हक्क होता, म्हणून त्याला तक्रारही होती.

१८१८ नंतर खानदेशात आलेल्या नव्या सत्तेने प्रथम फौजेच्या बळावर भिल्लांचा बंदोबस्त करून पाहिला. त्यात यश येईना, तेव्हा १८२५ मध्ये दुसरा मार्ग धरण्यात आला. भिल्लांसाठी स्वतंत्र एजंट नेमण्यात आले. त्यांपैकी दक्षिणेकडील एजंटाचे ठाणे सातमाळ्याच्या रांगेत, कन्नडच्या बाजूस होते. मागील अपराधांची माफी, शेतीसाठी तगाई आणि थकलेल्या हक्कांचा निवाडा ही या एजंटांची कामे होती. त्याच वर्षी जेम्स औट्रम याने 'खानदेश भिल्ल कोअर' ही पलटण उभारण्यास आरंभ केला. अवघ्या नऊ भिल्लांपासून सुरू झालेली ही पलटण काही वर्षांतच कित्येक शेकड्यांवर गेली. तिचे मुख्य ठाणे धरणगाव हे होते, आणि १८९१ मध्ये ती जिल्हा पोलिसांत विलीन होईपर्यंत ती टिकून राहिली.

इतिहासकारांनी या पलटणीचे पुष्कळ कौतुक केले आहे, आणि ते सर्वस्वी अनाठायी नाही. ज्यांना ठार मारण्यावाचून गत्यंतर नाही असे समजले जाई, तेच लोक विश्वासू शिपाई ठरले. पण या यशाचा दुसरा अर्थही आहे. राखणीची योग्यता भिल्लांच्या ठिकाणी आहे हे नव्या सत्तेने मान्य केले. राखणीचा हक्क मात्र तिने आपल्याकडे घेतला. पूर्वीचा नाईक आपल्या घाटाचा रक्षक होता. पलटणीतील नाईक हा हवालदाराच्या खालचा एक हुद्दा झाला. शब्द तोच राहिला, पण संस्कृत 'नायक' शब्दातील पुढारीपणाचा अर्थ गळून त्या जागी पगार आला. अशा नोकरीतील निष्ठेला हक्काचा आधार नसतो. १८५७ च्या उठावात ही गोष्ट स्पष्ट झाली. सिन्नरच्या बाजूस इंग्रजांविरुद्ध उभा राहिलेला भागोजी नाईक हा पूर्वी अहमदनगरच्या पोलिसांत नोकरीस होता. सातपुड्यात उठलेल्या काजरसिंग नाईकाकडे सेंधव्याच्या घाटाची रखवाली होती. सरकारी कागदांत हे दोघे 'बंडखोर' म्हणून नोंदले गेले; पूर्वीच्या कागदांत तेच राखणदारांच्या सदरात होते.

हा प्रकार केवळ खानदेशापुरता नव्हता, हे दाखविण्यासाठी एक परदेशी उदाहरण पुरे आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रदेशात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून 'नेटिव्ह पोलीस' नावाचे दल होते. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली आदिवासी शिपाई ठेवून ते इतर आदिवासींवर पाठवीत आणि त्या दलाने केलेल्या हत्या आता इतिहासाने पुराव्यानिशी नोंदल्या आहेत. तेथे दूरच्या टोळीचे शिपाई मुद्दाम आणले जात. खानदेशात त्याच मुलखातील भिल्ल घेतले गेले. त्यामुळे दोन्ही दलांच्या वर्तनात मोठा फरक पडला. दोहोंचे एक लक्षण मात्र समान आहे : रक्षण करणारे हात आदिवासींचे, आणि कोणाचे रक्षण कोणापासून करावयाचे याचा निर्णय दुसऱ्याचा. त्याच ऑस्ट्रेलियात कोठडीत मृत्यू पावलेल्या आदिवासींची चौकशी करण्यासाठी १९८७ मध्ये शाही आयोग नेमावा लागला. त्याने ९९ मृत्यूंची चौकशी करून १९९१ मध्ये काढलेला मुख्य निष्कर्ष असा की, कोठडीत आदिवासींचे प्रमाणच लोकसंख्येच्या मानाने फार मोठे आहे आणि मृत्यूंच्या संख्येचे मूळ त्यात आहे. कोठडीत कोण मरतो या प्रश्नाच्या आधी कोठडीत कोण आणला जातो हा प्रश्न येतो. भारतात या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका कायद्याने लिहून ठेवले होते.

तो कायदा म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा होय. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई व मद्रास इलाख्यांतही लागू करता येऊ लागला, आणि १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. सुताराचा मुलगा ज्याप्रमाणे सुतार होतो, त्याप्रमाणे येथे चोरीचा धंदाही जन्माने चालत येतो, या समजुतीवर तो उभा होता. जातिसंस्थेविषयीच्या अर्धवट ज्ञानाची युरोपातील तत्कालीन वंशकल्पनेशी सांगड घातल्याने ही समजूत निर्माण झाली, असे म्हणावयास हवे. कायद्याची रीत पुढीलप्रमाणे होती. सरकारने अधिसूचना काढून एखाद्या जमातीस 'गुन्हेगार' ठरवावयाचे. मग जिल्हाधिकाऱ्याने तिच्या माणसांची नोंदवही तयार करावयाची. नोंद झालेल्यांचे बोटांचे ठसे घ्यावयाचे. त्यांनी ठरावीक वेळी हजेरी द्यावयाची आणि परवान्यावाचून नेमलेली हद्द सोडावयाची नाही. त्यांना वसाहतीत नेऊन ठेवण्याचा आणि मुलांना आईबापांपासून वेगळे करण्याचाही अधिकार सरकारला होता. मूळ कायद्यातील सर्वांत लक्षणीय कलम असे की, अशा अधिसूचनेची यथार्थता कोणत्याही न्यायालयास तपासता येणार नाही. न्यायदानातील विषमता येथे न्यायाधीशाच्या मनात नव्हती. न्यायाधीशापर्यंत प्रकरण पोचूच नये, अशी ती रचना होती.

भाषेच्या अंगाने पाहिले असता या रचनेचा गाभा अधिक स्पष्ट होतो. 'त्याने चोरी केली' या वाक्यात क्रियापद आहे. क्रियेला काळ असतो, स्थळ असते, कर्ता असतो, आणि म्हणून ती सिद्ध अथवा असिद्ध करता येते. 'तो गुन्हेगार आहे' असे म्हणताच क्रियेचे नाम झाले. फारसीतून आलेला '-गार' हा प्रत्यय 'कामगार', 'मदतगार' या शब्दांप्रमाणेच करणाऱ्याचा वाचक आहे. तरीही येथवर केलेल्या कृत्याशी संबंध उरतो. 'गुन्हेगार जमात' या प्रयोगात मात्र तोच शब्द विशेषण झाला. विशेषणाला काळ नाही, स्थळ नाही, आणि ते खोटे ठरविण्याचा मार्गही नाही. कायद्याने दंड करावयाचा तो क्रियेला; येथे दंड झाला तो विशेषणाला. मातेच्या पोटातील मूलही या विशेषणाच्या कक्षेत येत होते.

मुंबई इलाख्यात पारधी, कैकाडी, भामटे, मांग-गारुडी अशा समाजांचे अनेक गट या कायद्याखाली आले. सोलापूर येथे तारेच्या कुंपणातील मोठी वसाहत झाली आणि तेथील लोकांच्या श्रमाचा उपयोग कापडगिरण्यांना झाला. जालन्याचा मुलूख निजामाच्या राज्यात असल्याने मुंबईचा अथवा वऱ्हाडचा कायदा तेथे थेट लागू नव्हता. पण फिरत्या समाजांस त्यामुळे अभय मिळाले नाही. सीमेपलीकडे ज्याची नोंद आहे तो अलीकडे आढळला म्हणजे फरारी ठरे, आणि अलीकडचा पलीकडे गेला म्हणजे परवान्यावाचून फिरणारा ठरे.

निजामी मुलखात आणखी एक अडचण होती व ती भाषेची. हैदराबाद संस्थानात १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू ही दरबारी भाषा झाली. त्यामुळे भोकरदनकडच्या एखाद्या भिल्लाची हकिगत अमिनासमोर आली म्हणजे ती आपल्या मूळ बोलीतून मराठीत आणि मराठीतून उर्दू कागदावर उतरे. या प्रवासात कर्त्याचा कर्म होणे, शंकेचे विधान होणे, 'मी तेथे होतो' याचे 'मी कबूल आहे' होणे यास वाव किती, याची कल्पना भाषेच्या अभ्यासकास सहज यावी. 'जबानी' म्हणून जो कागद पुढे गेला तो जबानीचा तिसरा अवतार असे. आरोपीस पुरावा त्याला समजेल अशा भाषेत सांगितला पाहिजे हे तत्त्व आजच्या फौजदारी प्रक्रियेने मान्य केले आहे. परंतु ठाण्यावर लिहिला जाणारा पहिला कागद आजही लिहिणाऱ्याच्या भाषेत असतो, बोलणाऱ्याच्या नव्हे.

भाषाशास्त्रही या दोषातून सर्वथा मुक्त नाही, हे येथे मान्य केले पाहिजे. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) भिल्ली बोलींचा, आणि अकराव्या खंडात (१९२२) फिरत्या समाजांच्या बोलींचा अभ्यास आहे. तो अमोल आहे. पण या बोलींचे नमुने बहुतांशी सरकारी यंत्रणेमार्फत गोळा झाले, आणि सांकेतिक शब्द हे चोरांच्या गुप्त भाषेचे लक्षण मानण्याची त्या काळी प्रवृत्ती होती. दलाल, सराफ व कारागीर यांच्याही सांकेतिक बोली असतात. त्यांवरून कोणी त्या व्यवसायांस गुन्हेगार ठरविले नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला. केंद्राच्या कायद्याने तो ३१ ऑगस्ट १९५२ पासून सर्वत्र संपुष्टात आला. नोंदवहीतील माणसे 'विमुक्त' झाली. हा शब्द भूतकालवाचक धातुसाधित आहे. कशापासून मुक्त, हा प्रश्न तो आपल्याबरोबर घेऊनच येतो. १९६१ च्या सुमारास महाराष्ट्र शासनाने १४ विमुक्त जाती व २८ भटक्या जमाती यांची यादी केली, आणि तिच्यातून शिक्षण व नोकरीच्या सवलतींचा मार्ग खुला झाला. उलटपक्षी, १९५९ चा मुंबईचा सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा जुन्या कायद्याच्या जागी आला. त्यात जमातीचे नाव नाही, व्यक्तीचे आहे. तत्त्वतः हा मोठाच फरक होय. परंतु पोलिसांच्या दप्तरात ज्या कुळांची नोंद आधीपासून आहे, त्यांच्याच मुलांकडे प्रथम दृष्टी वळते. मग 'सराईत' हे विशेषण व्यक्तीला लागले तरी ते कुळाच्या वाटेनेच लागते. वांशिक भेदभावाच्या निर्मूलनासाठी नेमलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००७ मध्ये हा कायदा रद्द करावा अशी शिफारस भारतास केली. जात म्हणजे वंश नव्हे, ही भारत सरकारची त्या समितीपुढील भूमिका राहिली आहे. शास्त्रदृष्ट्या ती योग्यच आहे. पण जन्मावरून अपराधाची अटकळ बांधण्याचा दोष या भेदाने दूर होत नाही.

या इतिहासाचे अगदी अलीकडचे पर्व सर्वोच्च न्यायालयात घडले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी 'सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणाच्या निकालात न्यायालयाने कारागृहांच्या नियमावल्यांतील जातिभेदाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या, कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला, आणि विमुक्त जमातींच्या व्यक्तींना मनमानी अटक होऊ नये असे पोलिसांना बजावले. एका नोंदवहीने जे आरंभिले, त्याचा काही अंश दुसऱ्या नोंदवहीतील रकाना खोडून मागे घ्यावा लागला.

या विषयावर जालना जिल्ह्यापुरता प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या संशोधकापुढे येथे एक खरी अडचण उभी राहते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या कारागृहविषयक वार्षिक अहवालांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागास वर्ग असे विभाग असतात. विमुक्तांचा वेगळा विभाग नाही. रकाना असला तर तो पाळतीचे साधन होतो, आणि रकाना नसला तर अन्यायाचे मोजमाप होत नाही. या पेचास सोपे उत्तर नाही. एवढे मात्र निश्चित म्हणता येते की, अटकेच्या आकड्यांवरून गुन्ह्यांचे प्रमाण काढणे ही चूक आहे. त्यांवरून पोलिसांचे लक्ष कोठे आहे एवढेच कळते. आकडे, ठाण्यावरील कागद आणि वस्तीवरील माणसांची त्यांच्याच बोलीत घेतलेली हकिगत ही तिन्ही साधने समोरासमोर ठेवावी लागतील. एकाच घटनेचे तीन वृत्तान्त जेथे जुळत नाहीत, तेथेच खरा इतिहास सापडण्याचा संभव अधिक.

त्यासाठी संशोधकाने भिल्ली अथवा पारधी बोली शिकली पाहिजे, जुन्या दप्तरांसाठी उर्दू वाचता आली पाहिजे, आणि सरकारी मराठीतील शब्द प्रमाण म्हणून न घेता पुरावा म्हणून तपासले पाहिजेत. जालना जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण २०११ च्या जनगणनेत सुमारे दोन टक्के होते. संख्या लहान असल्याने हा समाज अभ्यासातून सुटतो. पोलिसांच्या नजरेतून मात्र सुटत नाही. मागाचे शास्त्र जाणणाऱ्या जागल्याची एक रीत येथे अनुसरण्याजोगी आहे. माग कोणत्या दारापाशी थांबावा हे तो आधी ठरवीत नसे. पाऊल जिकडे गेले तिकडे तो जात असे, आणि शिवेवर पोचल्यावर पुढच्या गावच्या माणसास साक्ष ठेवून माग त्याच्या स्वाधीन करीत असे. शीव ओलांडून चालवावयाचा हा माग इतिहास, कायदा व भाषाशास्त्र या तीन विषयांच्या अभ्यासकांनी मिळून पुढे नेला, तर या जिल्ह्याच्या इतिहासातील एक मोठी उणीव भरून निघेल.